दावणीचा इतिहास



इतिहासाच्या पुस्तकांत जनावरें येतात तीं राजांच्या मागोमाग येतात. राणा प्रतापाचा चेतक येतो, मोंगलांचे हत्ती येतात, तोफा ओढणारे बैल येतात, आणि लढाई संपली कीं तीं सारीं पानाबरोबर उलटून जातात. मीं मॅट्रिक होऊन शिक्षकी पत्करली आणि छत्तीस वर्षें बीड जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांच्या शाळांतून इतिहास शिकविला, तो असाच शिकविला. निवृत्तीस थोडे दिवस उरले असतां चौथीच्या वर्गांतील एका मुलीनें मला विचारलें, "गुरुजी, आमच्या बैलांचा इतिहास कोणत्या पुस्तकांत आहे?" वर्ग हंसला, मीही हंसलों, परंतु उत्तर मजजवळ नव्हतें. त्या मुलीचे आईबाप दर वर्षीं दिवाळीनंतर बैलगाडी जुंपून ऊसतोडीस जात. तिच्या घरांत जें कांहीं बरेंवाईट घडलें असेल, तें त्या बैलांच्या संगतीनेंच घडलेलें होतें. तेव्हां तिचा प्रश्न हंसण्यासारखा नव्हता. आज त्याचें उत्तर देण्याचा, उशिरानें कां होईना, मी प्रयत्न करणार आहें.

बीड जिल्हा बालाघाटच्या डोंगररांगांच्या अंगाखांद्यावर वसलेला आहे. उत्तरेस गोदावरीचें काळें खोरें, पाटोद्याच्या डोंगरांत मांजरेचा उगम, आणि मधल्या भागांत खडकाळ माळ. पाऊस बेभरवशाचा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता; १९५६ सालीं तो मुंबई राज्यांत आला आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत. इतकीं राज्यें पालटलीं, तरी शेतकऱ्याच्या घराची मांडणी तीच राहिली. गोठ्यांत दावण, दावणीवर बैल व गाई, उंबऱ्यापाशीं कुत्रें, चुलीच्या ऊबेला मांजर, आढ्याला चिमण्यांसाठीं टांगलेलें ज्वारीचें कणीस. शिवाराच्या पलीकडे डोंगरांत मोर, काळवीट, लांडगा आणि गांवच्या वडापिंपळांवर वानरांची टोळी. यांतील कोण आपलें आणि कोण परकें, हें कोणत्याही सरकारी दप्तरांत लिहिलेलें नसे. परंतु घरांतल्या लहान मुलासही तें ठाऊक असे.

माणसाच्या मनांत या मुक्या सोबत्यांनीं किती जागा व्यापलेली असते, याचा एक पुरावा अंबाजोगाईस आहे. तेथें खडकांत कोरलेलीं शिवलेणीं आहेत. त्यांच्या प्रांगणांत नंदीचा मंडप आहे आणि दगडांतून घडविलेले भव्य हत्ती उभे आहेत. लेण्यांचें पंडिती नांव गांवांत सहसा कोणी घेत नाहीं. लोक त्यांना हत्तीखाना म्हणतात. लेणें कोरविणाऱ्या राजाचें नांव लोक विसरले. परंतु ज्यांच्या सोंडेला हात लावून पिढ्यान् पिढ्या मुलें खेळलीं, ते हत्ती विसरले नाहींत.

दुसरा पुरावा ग्रंथांतला आहे. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून ज्याचा मान आहे तें लीळाचरित्र महिंभटांनीं तेराव्या शतकांत सिद्ध केलें. त्यांत चक्रधरस्वामींची एक आठवण आहे. पारध्यांच्या भयानें पळत आलेला ससा स्वामींच्या मांडीखालीं शिरला; पारध्यांनीं तो मागितला; स्वामींनीं दिला नाहीं. जो शरण आला तो परत द्यावयाचा नसतो, असा त्या प्रसंगाचा भाव आहे. मला या गोष्टींत विशेष वाटतें तें हें कीं, आमच्या भाषेनें गद्य लिहावयास घेतलें तेव्हां तिला राजाच्या लढाईबरोबरच एका सशाचा जीवही नोंदवून ठेवण्याजोगा वाटला. पुढें आम्हां इतिहास शिकविणारांना तसें कां वाटेनासें झालें, हा प्रश्न मी स्वतःलाच विचारतों.

आतां दावणीकडे वळूं. या भागांत जी लाल कंधारी जात दिसते, तिचें मूळ ठिकाण नांदेड जिल्ह्यांतील कंधार होय. लातूर, परभणी व बीड या जिल्ह्यांतही ती पसरलेली आहे. रंग गडद तांबडा, अंग आटोपशीर, काम करण्यास चिवट, आणि कमी चाऱ्यावर निभावून नेणारी. आमच्या हवेला असेंच जनावर हवें असतें. श्रावणी अमावास्येस पोळा येतो. आदल्या संध्याकाळीं बैलांच्या खांद्यांना तूप व हळद लावून मळतात, त्यास खांदेमळणी म्हणतात. वर्षभर जूं वाहून जो खांदा घट्टा पडून कठीण झालेला असतो, त्यावर घरचा कर्ता पुरुष स्वतः हात फिरवितो. दुसऱ्या दिवशीं पुरणाची पोळी प्रथम बैलास, मग माणसांस. लहानपणीं आम्हांस हा सण म्हणजे गम्मत वाटे. पुढें कळलें कीं तो वर्षाचा हिशेब आहे. ज्याच्या खांद्यावर आपण जगलों, त्याचें देणें आहे हें मान्य करण्याचा तो दिवस आहे.

हें देणें फेडणें सुकाळांत सोपें असतें. त्याची कसोटी दुष्काळांत लागते, आणि आमच्या जिल्ह्यानें ती वारंवार दिली आहे.

१९७२ सालीं मी तेरा वर्षांचा होतों. महाराष्ट्रांत पावसानें पाठ फिरविली. गांवोगांव सरकारनें कामें काढलीं. माणसें खडी फोडूं लागलीं, पाझर तलावांवर माती वाहूं लागलीं. अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी खाऊन दिवस काढले. कामावरच्या मजुरांस आणि शाळांतल्या मुलांस सुकडी मिळे. माणसांच्या पोटाची अशी कांहीं तरी तजवीज झाली. परंतु वैरणीची गंजी एकदां संपली म्हणजे जनावरांस घालावयास कांहींच उरलें नाहीं. आमच्या दावणीवर एक जोडी होती. एकाचें नांव कपिल्या, दुसऱ्याचें हरण्या. छपरावरचें पाचट उतरवून त्यांना घालून झालें, लिंबाचे टहाळे घालून झाले. मी शाळेंत मिळालेली सुकडी सदऱ्याच्या खिशांत घालून आणीत असें आणि आईची नजर चुकवून अर्धी कपिल्यास व अर्धी हरण्यास चारीत असें. आईला तें दिसत होतें, हें तिनें मला पुष्कळ वर्षांनीं सांगितलें.

मार्गशीर्षांत वडिलांनीं ठरविलें कीं, दोन्ही बैल मरण्यापेक्षां एक विकावा आणि त्या पैशांत दुसऱ्यास जगवावें. हरण्या वयानें मोठा, म्हणून त्याचें नांव निघालें. बाजार आठ कोसांवर होता. हरण्या माझ्यामागून निमूट चालत असे. म्हणून वडिलांनीं कासरा माझ्या हातीं दिला. वाटेंत तो एकदांही अडला नाहीं. एका ओढ्यापाशीं मात्र त्यानें मान खालीं घातली. तेथें पाणी नव्हतें, ओल होती, ती त्यानें हुंगली आणि पुन्हा माझ्यामागें चालूं लागला. बाजारांत गिऱ्हाईक शेतकरी कोणी नव्हते. सगळे हेडी होते. तो कोणासाठीं बैल घेत आहे हें वडिलांना ठाऊक होतें, आणि मलाही कळण्याइतकें वय झालें होतें. सौदा झाल्यावर वडिलांनीं हरण्याच्या गळ्यांतलें आमचें दावें सोडलें, हेड्यानें आपलें बांधलें. आमच्याकडे जनावर देतात, दावें देत नाहींत. तें दावें खांद्यावर टाकून आम्हीं दोघे परत आलों. आठ कोसांत वडील एक शब्द बोलले नाहींत. कपिल्या त्या दुष्काळांतून जगला आणि पुढें नऊ वर्षें आमच्या घरीं राहिला. परंतु पुढच्या पोळ्यास वडिलांनीं खांदेमळणी केली तेव्हां दोन बैलांचें तूप घेतलें होतें, आणि एकाचें उरलें तें त्यांनीं रिकाम्या खुंटास लाविलें.

वडिलांनीं चूक केली असें मी तेव्हां मानीत होतों. आतां तसें मानीत नाहीं. त्यांच्यापुढें दोन मार्ग होते आणि दोन्ही वाईट होते. मला जें खुपतें तें एवढेंच कीं, तो माझ्यावर विश्वास ठेवून आला.

त्यानंतर चाळीस वर्षांनीं, २०१२-१३ सालीं, पुन्हा मोठा दुष्काळ पडला; आणि २०१८-१९ सालीं आणखी एक. या वेळीं एक गोष्ट निराळी घडली. जिल्ह्यांत ठिकठिकाणीं चारा छावण्या उघडल्या. २०१९ च्या उन्हाळ्यांत बीड जिल्ह्यांत अशा शेंकडों छावण्या होत्या. सरकार त्यांस जनावरामागें रोजचें अनुदान देई. त्या वर्षीं मे महिन्यांत तें मोठ्या जनावरास १०० रुपये व लहानास ५० रुपये केलें गेलें. चारा म्हणून बहुतकरून उसाचे तुकडे आणि वाढे मिळत. नियमाप्रमाणें छावणी जनावरांसाठीं होती. परंतु जनावर एकटें कसें ठेवावें? म्हणून माणसेंही तेथेंच राहिलीं. माळावर चार बांबू, वर जुन्या साड्यांचें छत, खालीं बाज. बाजेपाशीं गाय, गाईपाशीं शेळी, शेळीपाशीं कुत्रें. घरचा म्हातारा छावणींत, सून व नातवंडें गांवांत. दुपारीं भाकरीचा डबा गांवाहून येई. महिनोन् महिने हा संसार चालला. मी स्वतः अशा एका छावणींत दोन दिवस काढले. उजाडण्यापूर्वीं पाण्याच्या टँकरचा आवाज झाला कीं सगळी जनावरें एकदम उठून उभीं राहत, आणि प्रत्येक म्हातारा आपापल्या जनावरास त्याच्या नांवानें हांक मारी. हजार जनावरांच्या त्या गर्दींत एकही नांव चुकत नसे. १९७२ सालीं आमच्या तालुक्यांत अशी सोय असती तर हरण्या राहिला असता काय, हा विचार मला तेथें झोंपूं देईना.

दुष्काळ नसला तरी आमच्या जिल्ह्यांतील लाखों माणसें दर वर्षीं दिवाळीनंतर घर सोडतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणें, अहिल्यानगर आणि कर्नाटकांतील साखर कारखान्यांचा ऊस तोडण्यासाठीं तीं जातात. नवराबायकोच्या जोडीस तिकडे एक कोयता म्हणून मोजतात. आतां पुष्कळजण ट्रक-ट्रॅक्टरनें जातात. परंतु बैलगाडीनें जाणारेही आहेत. त्या गाडीवर संसार असतो: पत्र्याची पेटी, पिठाचा डबा, कोंबड्यांचें खुराडें, मागें बांधलेली शेळी, आणि गाडीखालच्या सावलींत चाकांच्या चालीनें चालणारें कुत्रें. मुलें मागें राहिलीं तर आजीआजोबांजवळ राहतात आणि शाळेचा पट निम्म्यावर येतो.

बालाघाटांतील एका गांवीं मी शिक्षक असतां अशाच एका घरचें खंड्या नांवाचें कुत्रें मागें राहिलें. त्याच्या पायांत बाभळीचा कांटा मोडून पाय सुजला होता, चालवेना. घरधन्यानें त्याला शाळेच्या ओट्यावर आणून सोडलें आणि म्हणाला, "गुरुजी, चैतापर्यंत बघा याच्याकडं." मी त्यास रोज भाकरी घालीत असें; मुलें आपल्या खिचडींतला घांस देत. पाय बरा झाला. परंतु तें शाळेंत मिसळलें नाहीं. दुपारभर तें लिंबाखालीं निजे आणि संध्याकाळीं गांवाच्या फाट्यावर जाऊन बसे. अंधार पडला म्हणजे परत येई. असें त्यानें पांच महिने केलें. चैत्रांतल्या एका संध्याकाळीं तें फाट्यावरून परत आलेलें होतें, मी हजेरीपट लिहीत बसलों होतों. एकाएकीं तें उठलें, कान उभारले आणि सुसाट पळालें. मला कांहींच ऐकूं आलें नव्हतें. बऱ्याच वेळानें बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. दुसऱ्या दिवशीं तो घरधनी मजकडे नारळ घेऊन आला. मीं म्हटलें, "मीं काय केलें? भाकरीच घातली." तो म्हणाला, "आमची वाट बघायला कुणीतरी गांवात होतं, गुरुजी." हें वाक्य मी अजून विसरलों नाहीं.

म्हातारें झालेलें जनावर सांभाळावें कसें, हा या सगळ्यांतला कठीण प्रश्न. महाराष्ट्रांत गाईच्या हत्येस १९७६ च्या कायद्यानें बंदी झाली आणि २०१५ सालीं ती बैल व वळू यांनाही लागू झाली. कायदा कापण्यास मनाई करतो. परंतु चाऱ्याची पेंढी कायद्यांतून मिळत नाहीं, ती कोणा तरी माणसास आणावी लागते. असा एक माणूस आमच्या जिल्ह्यांत आहे. शिरूर कासार तालुक्यांतील दहिवंडीचे शब्बीर सय्यद यांना २०१९ सालीं भारत सरकारनें पद्मश्री दिली. त्यांच्या घरचा मूळ धंदा खाटकाचा. वडिलांनीं तो सोडला आणि गाई पाळण्यास आरंभ केला. मुलानें तें व्रत पुढें चालविलें आणि शंभरावर जनावरें कोरड्या माळावर सांभाळलीं. दिल्लीच्या दरबारांत त्या दिवशीं मोठमोठीं माणसें असतील. मला मात्र त्या बातमींत आमच्या जिल्ह्याची दावण दिसली. धर्माच्या नांवानें गाईवरून तंटे होतात त्याच काळांत, खाटकाच्या घरांतला मुसलमान शेतकरी गाईच्या सेवेसाठीं गौरविला जातो, ही गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे.

आतां शिवाराच्या पलीकडे जाऊं. ज्या १९७२ सालीं हरण्या गेला त्याच सालीं आमच्या संसदेनें वन्यजीवांच्या संरक्षणाचा कायदा केला. मोरास राष्ट्रीय पक्ष्याचा मान १९६३ सालींच मिळाला होता. पाटोदा तालुक्यांतील नायगांवच्या डोंगरांत मोर फार. म्हणून १९९४ सालीं तेथें सुमारें ३० चौरस किलोमीटरचें मयूर अभयारण्य जाहीर झालें. पावसाळ्याच्या तोंडीं त्या बाजूस गेलें तर पहांटे डोंगरांतून मोरांच्या हांका येतात. तेथील शेतकऱ्यास विचारावें तर तो तक्रारही करतो: पेरलेलें बीं मोर उकरून खातात. परंतु ती तक्रार घरच्या खोडकर मुलाविषयीं करावी तशी असते. तागडगांवास सर्पराज्ञी नांवाचें वन्यजीव पुनर्वसन केंद्र सोनवणे दांपत्यानें उभें केलें आहे. विहिरींत पडलेलें हरिण, तारेंत अडकलेली घार, पंख मोडलेला मोर, असे जखमी जीव लोक तेथें आणून देतात. ज्यानें आणून दिलें त्याचें त्यांत काय हित असतें? कांहीं नाहीं. तरी तो दिवसाची मजुरी बुडवून आणतो.

हें सर्व गोडच आहे असें मात्र मी म्हणणार नाहीं. २०२० च्या नोव्हेंबरांत आष्टी तालुक्यांत बिबट्यानें माणसें मारलीं. तुरीच्या शेतांत जावयास कोणी धजेना; मुलांना घराबाहेर सोडवेना. डिसेंबरांत सोलापूर जिल्ह्यांत, करमाळा तालुक्यांत, तो नरभक्षक बिबट्या गोळी घालून मारण्यांत आला. ज्या आईचें मूल गेलें तिच्यापुढें वन्य प्राण्यांच्या कौतुकाचें व्याख्यान देण्याचा अधिकार कोणास नाहीं. शेजार म्हटला म्हणजे त्यांत भीतीही आलीच. भीति खरी असेल तर तिचा बंदोबस्त करावा. परंतु ती खरी किती आणि ऐकीव किती, हें पाहिल्याशिवाय करूं नये.

आणि येथेंच मला त्या गोष्टीकडे यावयाचें आहे, जिनें माजलगांव तालुक्यांतील लवूळ हें सुमारें ५ हजार वस्तीचें गांव जगाच्या नकाशावर नेलें. २०२१ च्या डिसेंबरांत पुण्याहून माझ्या पुतण्याचा फोन आला, "काका, तुमच्या बीडमध्यें माकडांचें आणि कुत्र्यांचें युद्ध चाललें आहे म्हणे!" झालें होतें असें: लवुळांत वानरें कुत्र्यांचीं पिलें उचलून झाडांवर व घरांच्या छपरांवर नेत होतीं, आणि कांहीं पिलें त्यांत मेलीं. गांवांत बोलबाला झाला कीं, कुत्र्यांनीं वानराचें पोर मारलें, त्याचा हा सूड आहे. अडीचशें कुत्रीं मेलीं. परदेशांतल्या वृत्तपत्रांनींही ही वार्ता छापली. वनखात्याच्या नागपूरच्या पथकानें येऊन दोन वानरें पकडलीं आणि जंगलांत सोडण्यासाठीं नागपुराकडे नेलीं. तेथें ती हकीकत संपली.

इतिहासाचा शिक्षक या नात्यानें मी या गोष्टीकडे पाहिलें तेव्हां मला जुने धडे आठवले. पुरावा कोणता? आंकडा कोणी मोजला? अडीचशें मृत्यूंची नोंद कोठेंही नव्हती. तोंडीं तोंडीं तो आंकडा फुगत गेला. सुडाचें कारण कोणी पाहिलें होतें? एवढ्या लहानशा गांवांत, आपल्या डोळ्यांसमोर, चार दिवसांत जर गोष्टीचें असें रूपांतर होतें, तर चारशें वर्षांपूर्वींच्या बखरींतील आंकडे वाचतांना किती जपावें लागेल! दुसरें असें कीं, वानर हा पाला, फळें व शेंगा खाणारा प्राणी आहे. सारा हर्डी या अमेरिकन विदुषीनें अबूच्या पहाडावरील वानरांचा अनेक वर्षें अभ्यास करून १९७७ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. वानरांच्या टोळींत एकीचें पोर दुसरीनें घेऊन हिंडावें, ही रीत अशा अभ्यासकांनीं बारकाईनें नोंदविली आहे. लहानग्या जीवास कवटाळून नेण्याची ही ओढ वानराच्या अंगीं मुळचीच आहे. लवूळच्या वानरांच्या मनांत काय होतें हें कोणी सांगूं शकणार नाहीं. पण पिलूं छातीशीं धरून झाडावर नेणें हें सुडापेक्षां या ओढीस अधिक जुळतें. दूध नाहीं, उंची फार. त्या पिलाचा अंत व्हावयाचाच. सूड हा शब्द वानराचा नव्हे, आपला आहे. आपल्या घरांतील भांडणाचा शब्द आपण त्या मुक्या जीवाच्या तोंडीं घातला, आणि जगानें तो हंसत हंसत वाचला.

मला त्या हंसण्याचें वाईट वाटलें तें निराळ्याच कारणानें. त्या गांवांत अशी माणसें होतीं कीं, जीं वानरांच्या हातून कुत्र्याचें पिलूं सोडविण्यासाठीं छपरावर चढलीं. कोणाच्या मालकीचें नसलेलें, रस्त्यावर जन्मलेलें तें पिलूं. त्याच्यासाठीं पडून पाय मोडण्याचा धोका त्यांनीं पत्करला. लीळाचरित्र लिहिणाऱ्या महिंभटांस ही गोष्ट कळती, तर त्यांनीं युद्धाचा गाजावाजा सोडून प्रथम त्या छपरावर चढणाऱ्या माणसाची नोंद केली असती, असें मला वाटतें.

आपल्या देशांत पशुगणनेस १९१९ सालीं आरंभ झाला. विसावी पशुगणना २०१९ सालीं झाली. म्हणजे शंभर वर्षें आपण जनावरें मोजीत आलों आहों, आणि तें आवश्यक काम आहे. त्यावांचून चारा, औषधें, लस यांची तजवीज होणार नाहीं. परंतु गणनेच्या रकान्यांत डोकीं मावतात, नांवें मावत नाहींत. आतां तर ट्रॅक्टरनें नांगरणी होते, दावणी आंखूड होत चालल्या आहेत, आणि ज्या हाकांना बैल मान वळवीत त्या हाका मारणारे म्हातारेही एकेक करून जात आहेत. त्यांच्याबरोबर हा सारा इतिहास जाईल. शहरांत राहणाऱ्या श्रोत्यांसही माझें सांगणें आहे कीं, आपल्यापैकीं बहुतेकांचे आजोबा-पणजोबा कोणत्या ना कोणत्या दावणीपासूनच निघाले आहेत. घरांत वडील माणूस असेल तर त्यांना एकदां विचारा: आपल्या घरीं कोणतीं जनावरें होतीं, त्यांचीं नांवें काय होतीं, तीं कशीं आलीं आणि कशीं गेलीं. कुत्रें, मांजर, गाय, शेळी, जें असेल तें. आणि तें घराण्याच्या वहींत लिहून ठेवा. कशीं गेलीं, हेंही लिहा. तें लिहितांना हात थांबेल, तरी लिहा.

त्या चौथींतल्या मुलीस मला आज सांगतां येईल कीं, बाळ, तुझ्या बैलांचा इतिहास अजून कोणत्याही पुस्तकांत नाहीं. तो तुलाच लिहावा लागेल. आरंभ म्हणून मी माझ्या घरचा लिहितों. आमच्या घरीं पंधरवडाभर नव्हे, तर पुरीं अकरा वर्षें, तांबड्या रंगाचा, डाव्या कानास खांच असलेला एक बैल होता. त्याचें दावें अजून माझ्याजवळ आहे. त्याचें नांव हरण्या.